अठ्ठावन्न टक्के

गाडीच्या पडद्यावर अठ्ठावन्न टक्के दिसत होते आणि अंगणात आप्पा गुलाबी फेटा बांधून तयार उभे होते. सकाळचे साडेसात वाजले होते. मी गाडी दोनदा बंद करून चालू केली, पण आकडा काही हलेना. रात्री शंभर टक्के भरायला लावलेली गाडी अठ्ठावन्नवर कशी थांबली, म्हणून वायर धरून भिंतीपर्यंत गेले, तर बटण बंद.

"आई, हे बटण कुणी बंद केलं?"

"मी," आई म्हणाली. "झोपायच्या आधी घरातली समदी बटणं बंद करते मी. चाळीस वर्षं करत आले."

तिच्या आवाजात शरम तर नव्हतीच, उलट मी तिला शाबासकी द्यावी अशी अपेक्षा दिसत होती. मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी आभाळाकडे बघितलं.

ह्या गोष्टीला आता सहा-सात वर्षं झाली. मी तेव्हा कराडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवत होते, अजूनही शिकवते. दोन महिन्यांपूर्वी मी विजेवरची गाडी घेतली होती, आमच्या पंचक्रोशीतली पहिली. आप्पांना ती अजिबात पसंत नव्हती. त्यांनी एकतीस वर्षं दूध संघाचा टँकर चालवला होता आणि ज्या गाडीला इंजिनाचा आवाज नाही ती गाडीच नव्हे, असं त्यांचं मत होतं. दोन महिन्यांत ते एकदाही स्टिअरिंगला शिवले नव्हते. शेजारच्या सीटवर बसायचे तेसुद्धा उपकार केल्यासारखे.

त्या दिवशी आप्पांच्या धाकट्या बहिणीच्या, शकुआत्याच्या मुलीचं, ऋजुताचं लग्न होतं. आत्याला दिली होती कोकणात, गुहागरच्या वाटेवर शृंगारतळीला. आप्पांना खरं तर आदल्या दिवशी हळदीलाच जायचं होतं. पण म्हैस व्यायला टेकलेली. ती बया रात्री नऊला मोकळी झाली, तोवर बाकीचे पाहुणे, माझा नवरा, माझा मुलगा, सगळे जीपने पुढे गेले होते. लग्नसराईत भाड्याची गाडी मिळणं शक्य नव्हतं. म्हणून मग आई, आप्पा, मी आणि माझं हे विजेचं खेळणं.

मुहूर्त बारा वाजून सोळा मिनिटांचा. आणि आप्पा होते मुलीचे सख्खे मामा, एकुलते एक. भटजींनी माइकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" अशी हाक दिली, की नवरीचा हात धरून तिला अंतरपाटामागे आणून उभी करायचं काम त्यांचं. गेला महिनाभर आप्पा झोपेतसुद्धा वेळेवर पोचत होते. "काही झालं तरी उशीर होता कामा नये," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की शेवटी माझा मुलगा त्यांची नक्कल करायला लागला होता.

हिशोब सोपा होता आणि वाईट होता. शृंगारतळी आमच्या दारापासून एकशे पस्तीस किलोमीटर. माझी गाडी एका टक्क्यात सव्वादोन किलोमीटर जायची. म्हणजे पाच किलोमीटर कमी पडत होते. वाटेत चार्जिंगचं ठिकाण त्या काळी मला एकच माहीत होतं, चिपळूणच्या एका हॉटेलात. घरीच तासभर थांबून भरावी म्हटलं, तर साध्या प्लगवर तासाला सात-आठ टक्के चढणार. आप्पा म्हणाले, एक मिनिट थांबायचं न्हाई.

"पोचत न्हाई म्हणजे काय?" ते म्हणाले. "गाडीत किती हाय ह्याला महत्त्व न्हाई. चालवणारा कसा हाय ह्याला महत्त्व हाय. तू फक्त मी सांगतो तशी चालव."

आता हे मात्र मान्य करायला हवं, की ॲव्हरेज काढण्यात आप्पांचा हात धरणारा माणूस संघात झाला नाही. कमीत कमी डिझेलवर जास्तीत जास्त टँकर पळवणाऱ्या ड्रायव्हरला संघ दरवर्षी बक्षीस द्यायचा, आणि आप्पांनी ते सहा वेळा घेतलं होतं. त्यांचे बाकीचे सोबती म्हणायचे, साळुंखे टँकर डिझेलवर चालवतच नाही, वासावर चालवतो.

त्यामुळे कराड सुटल्यापासून गाडीत शाळा भरली. चपला काढ, उघड्या पायाला गाडी जास्त कळते. एसी बंद. काचा वर, वारं आत शिरलं की गाडी मागं ओढते. पुढं गाय दिसली की आत्ताच पाय काढ, गायीपाशी जाऊन ब्रेक दाबू नको. ब्रेक म्हणजे आपली चूक कबूल करणं. समोर ट्रक दिसला की आप्पांचा चेहरा उजळायचा. त्याच्या आडोशाला राहा म्हणायचे, वारा तो कापतो, आपण नुसतं जायचं. मी मुलांना हेच सगळं फळ्यावर आकृत्या काढून शिकवते. पण बापाने सांगितलं की कुठल्याही लेकीच्या कपाळाला आठी पडतेच. मी म्हटलं, आप्पा, मला कळतं. ते म्हणाले, कळतं तर मग पाय एवढा जड का?

मागे आई कांजीवरम नेसून, दोन्ही बाजूंना आहेराच्या पिशव्या घेऊन बसली होती. पाटणनंतर तिने एकदाच विचारलं, की आपण लग्नाला चाललोय का गोवऱ्या वाळवायला. आप्पांनी तिला काच चार बोटं खाली करायची परवानगी दिली. कोयनानगरच्या अलीकडे त्यांना दया आली आणि अजून दोन बोटं दिली.

कोयनेच्या खोऱ्यातून रस्ता चढत चढत घाटमाथ्याला जातो. तो चढ गाडीने चांगलाच खाल्ला. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा पडद्यावर चोवीस टक्के होते आणि पुढे सदुसष्ट किलोमीटर. पण मी मनातून निर्धास्त होते. आता बारा किलोमीटरचा घाट, सगळा उतार. उतारावर ही गाडी खर्च तर करत नाहीच, वर कमावते. चार टक्के तरी परत मिळणार, हे मी गृहीत धरलं होतं.

तेवढ्यात आईने तोंडाला पदर लावला. वळणं तिला कधीच सोसत नाहीत. गाडी बाजूला घेतली, ती उतरली, मोकळी झाली, परत बसली, परत उतरली. ह्यात वीस मिनिटं गेली. तिला एकटीला मागे बसवून घाट उतरणं शक्य नव्हतं, कुणीतरी तिचं डोकं धरायला हवं होतं. मी आप्पांकडे बघितलं.

आप्पा आधीच चपला काढत होते. "घाट माझा हाय," ते म्हणाले. "ह्या घाटातलं एकेक वळण मला नावानं ओळखतं."

मी त्यांना घाईघाईत दाखवलं. गिअरचा दांडा नाही, हा गोल खटका. डी म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे, एन म्हणजे न्यूट्रल. हा ब्रेक, हा पेडल, क्लच नाही. आप्पांनी मान डोलावली आणि म्हणाले, एवढंच? मग मी मागे जाऊन आईचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या नाकाशी लिंबू धरलं आणि डोळे मिटले.

खरं सांगते, त्या बारा किलोमीटरमध्ये गाडी जशी चालली तशी ती ना आधी कधी चालली होती ना नंतर. गचका नाही, हिसका नाही. आई वळणावळणाला कण्हायची ती चक्क झोपली. मला वाटलं, आप्पांनी माझं खेळणं शेवटी मान्य केलं. मला इतका आनंद झाला, की ब्रेकचा जळका वास यायला लागला तो मी समोरच्या ट्रकचा म्हणून सोडून दिला.

घाट संपला, सपाट रस्ता लागला आणि आप्पांनी गाडी एका वडाखाली थांबवून माझ्याकडे मागे वळून बघितलं. चेहरा असा, की सातवं बक्षीस आत्ताच जाहीर झालंय.

"बघ," ते म्हणाले. "माथ्यावर चोवीस होते. खाली चोवीस. बारा किलोमीटर आणलं, पण एक टक्कासुद्धा जळू दिला न्हाई."

मी पुढे वाकून बघितलं. चोवीस. आणि गोल खटका एनवर.

"आप्पा, तुम्ही सगळा घाट न्यूट्रलमध्ये उतरलात?"

"मग काय गिअरमध्ये उतरायचं? नियमात बसत न्हाई, पण उताराला गाडी मोकळी सोडायची, ही तर पहिली युक्ती."

मी त्यांना सांगितलं. शांतपणे सांगायचा प्रयत्न केला, पण शिकवायची सवय असल्यामुळे सगळंच सांगितलं. की ही गाडी डीमध्ये ठेवून पेडलवरून पाय काढला, की हिची मोटर डायनामो होते. चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज करते, वीज बॅटरीत जाते. की त्यांनी एनवर टाकल्यामुळे मोटरने वीज केलीच नाही आणि सगळा उतार ब्रेकमध्ये जळून गेला. की नुसतं डीमध्ये बसून राहिले असते, तर आत्ता पडद्यावर अठ्ठावीस असते.

आप्पांनी पडद्यावरच्या चोवीसवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "फुकट मिळत होतं?"

"फुकट."

"आन् मी सोडलं."

माझ्या बापाने आयुष्यात फुकटची आणि हक्काची गोष्ट कधी सोडली नव्हती, साधी बसमधली खिडकी नाही. त्यांचा चेहरा बघून मला हसू आलं आणि हसू येतंय ह्याची लाजही वाटली. ते उतरले, गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी फेटा डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला.

चिपळूणला पोचेपर्यंत पंधरा टक्के उरले. हवा अशी, की भातावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येत होती. हॉटेल सापडलं, चार्जर सापडला, वीज नव्हती. मॅनेजर म्हणाला, येईलच पाच मिनिटांत. कोकणातली पाच मिनिटं आम्हाला माहीत नव्हती. अर्धा तास आम्ही त्या चार्जरकडे बघत उभे होतो. आप्पा तर त्याच्यासमोर हात जोडायचेच बाकी राहिले होते. शेवटी सव्वाअकराला त्यांनीच सांगितलं, की निघू या.

निघताना त्यांनी स्वतःहून डिकी उघडली. तिच्यात त्यांनी बहिणीसाठी घेतलेली गुळाची ढेप होती, इंद्रायणी तांदळाचं पोतं होतं, तांब्याचं घंगाळ होतं. ओझं कमी तर खर्च कमी, हे त्यांनीच मला सकाळपासून वीसदा सांगितलं होतं. त्यांनी ते सगळं, आईजवळच्या आहेराच्या पिशव्यांसकट, उचलून हॉटेलच्या मॅनेजरच्या टेबलामागे ठेवलं आणि त्याला नाव, गाव, फोन नंबर लिहून दिला. रिकाम्या हाताने मामा लग्नाला जातो का, असं आईने विचारलं. आप्पा म्हणाले, "हात रिकामे चालतील. मामाची जागा रिकामी न्हाई चालणार."

चिपळूण ते शृंगारतळी तेहेतीस किलोमीटर. नुसते चढउतार. मी प्रत्येक उताराला डीमध्ये पाय काढत होते आणि पडद्यावर हिरवी रेघ आली, की आप्पा ती डोळे बारीक करून बघत होते. एकदा आकडा बारावरून तेरा झाला. आप्पा हळूच म्हणाले, "वाढला." एवढ्या आदराने त्यांनी माझ्या गाडीबद्दल पहिल्यांदाच काही म्हटलं होतं. पण चढ उतारांपेक्षा जास्त होते. चाळिसाच्या वर मी काटा जाऊ देत नव्हते, मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून पुढे जात होत्या, आणि मांडवातून माझ्या नवऱ्याचे फोनवर फोन येत होते. भटजी घाई करतायत. मुलाकडच्यांचा पुढचा प्रवास लांबचा आहे. आप्पांच्या चुलतभावाला, विलासकाकांना, फेटा बांधून तयार ठेवलंय. मामा नाही आला तर चुलतमामा तर आहे, असं सगळ्यांचं ठरत चाललंय.

बारा वाजून एक मिनिट झालं होतं. अकरा किलोमीटर राहिले होते आणि पाच टक्के.

मी गाडी कडेला न घेता, चालवता चालवताच आप्पांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. असंच हळू, पस्तीसने गेलो, तर गाडी दारात नेईन, ही जबाबदारी माझी. पण वीस-पंचवीस मिनिटं लागतील. मुहूर्त जाईल, विलासकाका उभे राहतील. आणि साठ-पासष्टने गेलो, तर वेळेत जमेल, पण ही बॅटरी तेवढा वेग सोसणार नाही. दीड-दोन किलोमीटर अलीकडे केव्हाही मान टाकेल. मी म्हटलं, आप्पा, तुम्हीच सांगा. हळू की जोरात?

मला त्यांचं उत्तर माहीत होतं. हळू. ते आयुष्यभर हळूच म्हणत आले होते.

आप्पा फेट्याच्या तुऱ्याशी खेळत होते. मग पुढच्या काचेतून बघत, जणू रस्त्याला सांगतायत असं बोलायला लागले.

"शकूच्या लग्नात कान पिळायला मी नव्हतो."

नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. शकुआत्याला दुसरा भाऊ नाही. मी म्हटलं, हो, टँकरचं टायर फुटलं होतं ना. घरात ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकली होती.

"टायर फुटलं न्हवतं," आप्पा म्हणाले. "मुंबईला दूध उतरवून रिकामा टँकर घेऊन येत होतो. मार्चचा शेवटचा दिवस. वर्षाचा ॲव्हरेज निघणार होता, पहिल्या नंबराला थोडंसंच कमी पडत होतं. मी म्हटलं, शेवटची खेप हळू न्यावी. हळू म्हणजे किती, तर बैलगाडी बरी. मुहूर्त दुपारचा हाय, वेळ हाय, असं धरून चाललो. पोचलो तवर तास होऊन गेला होता. विलासनं कान पिळला होता. अक्षता पडल्या होत्या. शकू जेवायला बसली होती. मी तिला म्हटलं, टायर फुटलं. ती म्हणाली, असू दे दादा, जेवून घे."

मग मागून आईचा आवाज आला. "मला पण टायरच सांगितलं होतं."

"तुला काय सांगणार? तुला बक्षिसाची कळशी आणून दिली."

"ती अजून वापरते मी," आई म्हणाली. "घरी गेल्यावर तिच्याकडं बघते."

आप्पा माझ्याकडे वळले. डोळे भरलेले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. "दाब," ते म्हणाले. "राजश्री, आज ॲव्हरेज गेला खड्ड्यात. दाब."

मी दाबला. माझी गाडी बिनआवाजाची खरी, पण त्या दिवशी तिने जे पाय उचलले त्याला तोड नाही. काटा सत्तरवर गेला. मघाशी आम्हाला मागे टाकून गेलेल्या दोन जीपगाड्यांना आम्ही मागे टाकलं. पाच, चार, तीन. आप्पा एका हाताने फेटा आणि दुसऱ्या हाताने वरची कडी धरून बसले होते, आणि चढावर मी पाय जरा हलका केला तर म्हणत होते, कशाला काढतीस, दाब. एकतीस वर्षं टँकर हाकणाऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकून आईसुद्धा हसायला लागली. दोन टक्के. एक. शृंगारतळीची पाटी दिसली आणि पडद्यावर पिवळ्या रंगाचं कासव आलं. गाडीच्या अंगातली ताकद संपली की ते येतं. मग तिला कितीही दाबा, ती आपली कासवासारखीच जाते. लग्नाचा हॉल अर्ध्या किलोमीटरवर असताना तीही चाल थांबली.

बारा वाजून सतरा मिनिटं.

आप्पांनी दार उघडलं, नव्या चपला तिथेच रस्त्यावर काढल्या, फेटा काखेत मारला, धोतराचा सोगा खोचला आणि धावत सुटले. सहासष्ट वर्षांचा माणूस. मी आईला म्हटलं, तू बस, आणि त्यांच्या मागे पळाले. दुपारच्या उन्हात डांबर तापलेलं, आणि माझा बाप अनवाणी पळतोय, टपरीवरची माणसं चहाचे ग्लास हातात धरून बघतायत. एकजण ओरडून विचारत होता, काय झालं हो? मी पळता पळता म्हटलं, नवरीचे मामा आहेत. तो म्हणाला, मग पळा पळा.

हॉलच्या दारात पोचलो तेव्हा आत विचित्र शांतता होती. नवरदेव पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, लोकांच्या मुठीत अक्षता. भटजी माइक हातात घेऊन घड्याळाकडे बघत होते. विलासकाका फेटा बांधून नवरीच्या खोलीच्या दाराशी उभे होते, पण दार अडवून शकुआत्या उभी होती. नंतर कळलं, की मामांना हाक देऊन पाच मिनिटं झाली होती. तिने सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, की माझा भाऊ आल्याशिवाय मुलगी खोलीतून बाहेर पडणार नाही. मग मुहूर्त राहो की जावो.

आप्पा तिच्यासमोर जाऊन थांबले. घामाने निथळत होते. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण श्वासच पुरेना. शकुआत्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, अनवाणी पाय बघितले. मग हात वर केला, टाचा उचलल्या आणि सगळ्या मांडवासमोर आपल्या थोरल्या भावाचा उजवा कान धरून असा पिळला, की आप्पा कमरेत वाकले.

"दादा, हे आजचं न्हाई," ती म्हणाली. "हे माझ्या लग्नातलं हाय."

आप्पा कान तिच्या हातात देऊन तसेच वाकून उभे राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? टायर बदलून आलेल्या माणसाचे हात काळे असतात. माझ्या हातांना हळद लागली होती. तुझे माझ्यापेक्षा स्वच्छ होते."

पस्तीस वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. दर राखीला येत होती, दर भाऊबीजेला ओवाळत होती, त्याच हातांवर साखर ठेवत होती. आप्पा रडायला लागले, अगदी लहान पोरासारखे, आणि ती कान न सोडता दुसऱ्या हाताने पदराने त्यांचा घाम पुसायला लागली. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघत होती. भटजी अनुभवी होते. त्यांनी माइक तोंडाशी नेला आणि मुहूर्ताला अजून थोडा अवकाश आहे असं जाहीर करून टाकलं.

"जा आता," आत्याने कान सोडला. "पोरगी केव्हाची उठून उभी हाय."

विलासकाकांनी आपल्या हाताने आप्पांना फेटा चढवला. आप्पा आत गेले आणि ऋजुताचा हात धरून बाहेर आले. इतक्या हळू चालत होते, की भटजींनी पुन्हा घड्याळ बघितलं. पण ह्या वेळी त्यांना कुणीच घाई केली नाही.

त्या लग्नाचा एक मोठा फोटो शकुआत्याच्या बैठकीत आहे. ऋजुताच्या मागे आप्पा उभे आहेत, फेटा जरा तिरका आणि उजवा कान लालभडक. येणारेजाणारे हटकून विचारतात, मामांच्या कानाला काय झालं होतं.

शकुआत्या म्हणते, ऊन लागलं असेल.